दोरीचा रंग कुणाच्या डोळ्यांसाठी?

डॅलसहून पूर्वेला दीड-दोन तास गाडी हाकली की लेक फोर्क लागतो. टेक्सासमधला विक्रमी लार्जमाउथ बास, 18.18 पौंडांचा, 1992 च्या जानेवारीत इथेच गळाला लागला. तेव्हापासून बासवाल्यांना ही पंढरीच, आणि पंढरीला असतात तशी दुकानंही इथे आहेत. अशा दुकानाची एक अख्खी भिंत दोऱ्यांची असते. एकाच कंपनीची, एकाच ताकदीची, एकाच किमतीची ब्रेडेड लाइन. रंग मात्र सहा. शेवाळी हिरवा, करडा, पांढरा, निळा, लाल, आणि रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जाकिटासारखा भडक पिवळा. पुण्यातल्या एखाद्या मॅचिंग सेंटरमध्ये उभं असल्यासारखं वाटतं. फरक इतकाच, की मॅचिंग कशाशी करायचं ते इथे कुणी सांगत नाही.

विचारलं तर सांगतात, पण प्रत्येक जण वेगळं. पहिल्यांदा गेलो तेव्हा गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "पाणी कसलं आहे?" त्याच्या शेजारी खोकी लावणारा पोरगा म्हणाला, "ते सोडा, तुम्हाला कुठला रंग नीट दिसतो?" मी हसून हिरवी उचलली आणि निघालो. पुढची काही वर्षं या प्रश्नाच्या मागे लागून जे जे वाचलं, पाहिलं, करून बघितलं ते सगळं जमेला धरलं, तरी त्या दोघांच्या दोन वाक्यांपलीकडे मी फारसा गेलेलो नाही. त्यातलं कुठलं वाक्य जास्त खरं, एवढंच काय ते ठरवायचं राहतं.

आधी वस्तूबद्दल. ब्रेडेड लाइन म्हणजे बारीक तंतू वेणीसारखे एकमेकांत गुंफून केलेली दोरी. चार पेडांची किंवा आठ पेडांची. इथले लोक तिला नुसतं 'ब्रेड' म्हणतात. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पाव येतो, म्हणून मी आपला लाइन हा शब्द सोडत नाही. तंतू असतात पॉलिथिलिनचेच. भाजीची पिशवी ज्या कुळातली त्याच कुळातले, पण त्यांची रेणूंची साखळी कितीतरी पट लांब आणि ताणून सरळ केलेली. डायनिमा आणि स्पेक्ट्रा ही त्यांची बाजारातली नावं. बुलेटप्रूफ जाकिटांत आणि जहाजांच्या दोरखंडांत हेच वापरतात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हा धागा मासेमारीच्या रिळावर आला आणि बासचा खेळ बदलून गेला. 30 पौंडांची ब्रेडेड लाइन साधारण 8 पौंडांच्या नायलॉनइतकीच जाड असते. ती ताणली जात नाही, त्यामुळे 30 मीटरवर माशाने आमिषाला नुसतं नाक लावलं तरी बोटाला कळतं. गवतात अडकलेला मासा गवतासकट ओढून काढता येतो.

एक दोष मात्र तिच्या जन्मापासूनचा आहे. ती दिसते. नायलॉनची लाइन, आपल्या कोकणातला तंगूस, अर्धपारदर्शक असते. फ्लोरोकार्बनची त्याहून बरी, कारण पाण्याचा अपवर्तनांक 1.33, फ्लोरोकार्बनचा 1.42 आणि नायलॉनचा 1.5 च्या वर. आकडे जितके जवळ तितका प्रकाश न वाकता आरपार जातो. ब्रेडेडमधून तो आरपार जातच नाही. ती पाण्यात सुतळीसारखी अपारदर्शक उभी राहते. नायलॉनच्या काळात 'अदृश्य' हा शब्द निदान जाहिरातीत तरी शोभायचा. ब्रेडेडला तो लावताच येत नाही. मग उरतो प्रश्न असा, की दिसायचंच असेल तर कुठल्या रंगात दिसलेलं कमी नडतं?

हा प्रश्न आजचा नाही, पाचशे वर्षांपूर्वीचा आहे. इंग्लंडात वेस्टमिन्स्टरला विंकिन द वर्ड या मुद्रकाने 1496 साली एक ग्रंथ छापला. त्यात गळाने मासे धरण्यावर एक प्रकरण आहे. परंपरेने ते जूलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर घालतात. तेव्हा दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे. लेखिका, किंवा जो कोणी असेल तो, सांगतो की पांढरे केस घ्या आणि निरनिराळ्या रंगांत रंगवा. मग कुठला रंग कुठे, याचं कोष्टकच आहे. उन्हाळ्यात नितळ पाण्याला हिरवा. शरदात पिवळा, कारण तेव्हा पाण्यातलं गवत तुटून पिवळं पडलेलं असतं. हिवाळ्याला तांबूस. काळ्या, साचलेल्या पाण्याला तपकिरी. माळरानावरून येणाऱ्या पाण्याला पिंगट. लेक फोर्कच्या भिंतीवरच्या सहा रंगांमागे आज जो विचार सांगतात तो तंतोतंत हाच: दोरी माशाला मागच्या पार्श्वभूमीत मिसळून दिसली पाहिजे. तर्क चोख आहे. त्यात गृहीत धरलेली एक गोष्ट तेवढी तपासायची राहिली होती, ती म्हणजे माशाचा डोळा.

ते काम बासच्या बाबतीत 1937 मध्ये फ्रँक ब्राउन यांनी इलिनॉयमध्ये केलं. रंग ओळखला तर खाऊ, अशी शिकवणी माशांना लावून ते या निष्कर्षाला आले, की बासला रंग दिसतात. माणसाने पिवळसर काचेचा चष्मा लावून जग पाहिलं तर जसं दिसेल, साधारण तसे. पुढे 1980 च्या दशकात ओक्लाहोमा विद्यापीठातल्या लॉरेन हिल यांच्या संशोधनावरून 'कलर-सी-लेक्टर' नावाचं यंत्रच बाजारात आलं. तार पाण्यात सोडायची, काटा दाखवील त्या रंगाचं आमिष बांधायचं. बरेच बासवाले ते गळ्यात बांधल्यासारखं वागवायचे. आता जुन्या सामानाच्या विक्रीत दिसतं. त्याचा रोख आमिषाकडे होता. दोरीचं कुणी विचारलं नाही.

सर्वांत उपयोगी अभ्यास अलीकडचा आहे, 2019 चा, पुन्हा इलिनॉयचाच. लिसा मिचेम आणि सहकाऱ्यांनी बासच्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मोजल्या. माणसाकडे अशा पेशी तीन प्रकारच्या असतात, बासकडे दोनच निघाल्या. एक हिरव्याला सर्वाधिक जागी होणारी, सुमारे 535 नॅनोमीटरपाशी. दुसरी लालसर बाजूची, सुमारे 615 पाशी. निळ्यासाठी वेगळी पेशीच नाही. मग माशांना शिकवून परीक्षा घेतली. लाल आणि हिरवा त्यांनी झटकन ओळखले. निळा आणि काळा यांत ते गोंधळले. पोपटी झाक असलेला भडक पिवळा आणि पांढरा यांतही गोंधळले.

हा निकाल दुकानातल्या भिंतीला लावून पाहा. सहा रंगांपैकी निळी लाइन बासच्या लेखी जवळजवळ काळी. भडक पिवळी आणि पांढरी या सख्ख्या बहिणी, कोण कोणती ते त्याला सांगता यायचं नाही. म्हणजे 'पिवळीने मासा बिचकतो, म्हणून मी पांढरी वापरतो' म्हणणारा माणूस स्वतःचीच समजूत घालतो आहे. आणि ज्या रंगाबद्दल सर्वांत मोठा बोलबाला झाला, तो लाल, नेमका बासला सर्वांत चांगला ओळखता येणाऱ्या दोन रंगांपैकी एक.

लालवर जरा थांबायला हवं, कारण त्याच्यापायी मी एक अख्खा हंगाम घालवला आहे. युक्तिवाद असा: पाण्यात लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, म्हणून लाल दोरी पाण्यात नाहीशी होते. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, तोही फक्त स्वच्छ पाण्यात. शुद्ध पाण्याच्या एका मीटरमध्ये गडद लाल प्रकाशाचा तिसरा हिस्सा जेमतेम जातो; निम्मा व्हायला दोन मीटर लागतात. पाच मीटरवरसुद्धा सहावा हिस्सा शिल्लक असतो. बास बहुतेक वेळा गवताच्या कडेला, बुडालेल्या झाडाच्या खोडाशी, धक्क्याखाली दोन-तीन मीटर पाण्यात असतो. तिथे लाल पुरेसा लाल असतो.

दुसरा अर्धा भाग तर मुळातच चुकीचा. लाल प्रकाश संपला म्हणजे लाल वस्तू नाहीशी होत नाही, ती काळपट होते. अंधाऱ्या खोलीत लाल साडी कपाटातून गायब होते का? ती काळी दिसते, एवढंच. आणि उजळ हिरव्या पाण्यासमोर काळी रेघ हीच तर सर्वांत ठळक रेघ.

त्यातून पाणी नितळ नसेल तर गणित उलटंच होतं. टेक्सास आणि लुइझियानाच्या सीमेवर कॅडो लेक आहे. पाण्यात उभी असलेली सायप्रसची झाडं, फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळासारखं जटाजूट, आणि कुजलेल्या पानांनी चहासारखं झालेलं पाणी. असं पाणी निळा प्रकाश आधी गिळतं आणि तांबडा-नारिंगी शेवटपर्यंत राखून ठेवतं. तिथे मी लाल लाइन घेऊन गेलो होतो. ज्या पाण्यात लाल सर्वांत उशिरा जातो, ज्या माशाला लाल सर्वांत नीट कळतो, तिथे मी 'अदृश्य' दोरी टाकून दिवसभर बसलो. संध्याकाळी परतताना दोन मासे मिळाले होते, त्यामुळे काहीच सिद्ध झालं नाही. मासे तसेही मिळतात, हीच या विषयातली मेख आहे.

आता बासच्या बाजूने पाहू. पुस्तकातल्या आकृत्यांनी माझं समाधान होईना, तेव्हा एका रविवारी सकाळी सोसायटीच्या पोहण्याच्या तलावावर पाच रंगांचे दोरे घेऊन गेलो. तलाव झाडायच्या जाळीच्या दांड्याला ते वीतवीत अंतरावर बांधले, प्रत्येकाच्या टोकाला एक नट अडकवला, दांडा मुलीच्या हातात दिला आणि गॉगल लावून तळाशी गेलो.

बाजूने पाहिलं तेव्हा पुस्तकं बरोबर निघाली. फिकट निळ्या फरशीसमोर पांढरा दोरा जवळपास विरून गेला होता, करडा अस्पष्ट, हिरवा स्पष्ट, लाल आणि पिवळा ठसठशीत. मग उताणा होऊन वर पाहिलं. पाण्याखालून वर पाहिलं की डोक्यावर एक गोल उजेडाची खिडकी दिसते. बाहेरचं सगळं जग सुमारे 97 अंशांच्या कोनात त्या खिडकीत गोळा झालेलं असतं. स्नेलची खिडकी म्हणतात तिला. दोन मीटर खोल असलेल्या माशाला ती साधारण साडेचार मीटर व्यासाची पडते. तिच्या पलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात तळ उलटा दिसतो. त्या उजळ खिडकीत माझे पाचही दोरे काळे होते. पिवळा काळा, पांढरा काळा, लाल काळा. दिव्यासमोर धरलेल्या बोटाचा रंग कळत नाही, तसंच.

मग वर येऊन मुलीला म्हटलं, दोरे पाण्यावर आडवे सोड. पॉलिथिलिन पाण्याहून हलकं, घनता 0.97 च्या आसपास, त्यामुळे ब्रेडेड तरंगते. तरंगणारी दोरी पाण्याच्या कातडीला किंचित दाबते, आणि त्या खळगीतून प्रकाश वाकतो. तळाच्या फरशीवर जी सावली पडली ती दोऱ्याच्या मानाने कितीतरी जाड होती, बोटभर म्हणा ना, आणि कडेला उजेडाची किनार. पाची सावल्या सारख्या.

"बाबा, यातला कुठला कुठल्याचा?" मुलीने विचारलं. मला सांगता आलं नाही.

तेव्हा रंग लावून दोरी लपवायची तर मासा तिच्याकडे आडवं पाहत असला पाहिजे, पाण्यात पुरेसा उजेड हवा, आणि मागची पार्श्वभूमी त्याच रंगाची हवी. हे तिन्ही जुळून येतं, नाही असं नाही. लेक फोर्कच्या हिरवट पाण्यात गवताच्या कडेला शेवाळी दोरी नक्कीच मिसळते. पण बास खालून वर झडप घालणारा मासा आहे. त्याच्या नजरेच्या नेमक्या त्या वाटेवर रंगाचा उपयोग सर्वांत कमी.

पुढचा प्रश्न, दिसली दोरी तर त्याचं बासला काय? इथे मासेमारीची पद्धत सगळं ठरवते. उन्हाळ्यात कमळाच्या पानांच्या गालिच्यावरून रबराचा पोकळ बेडूक ओढतात. 50 किंवा 65 पौंडांची लाइन थेट बेडकाला बांधलेली असते. खालचा मासा पानांच्या फटीतून पाहतो काय, तर काहीतरी धडपडत चाललंय. त्याला विचार करायला अर्धा सेकंद असतो. या खेळात दोरी गुलाबी असली तरी चालेल, आणि मी हे जबाबदारीने म्हणतो आहे. हायड्रिलाच्या दाट पाणगवतात जड शिसं लावून भोक पाडत आमिष खाली सोडतात, तिथेही तेच. माशाभोवती हिरवे दोरच दोर असतात, त्यात एक आणखी. गढूळ पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. वीतभर अंतरावर जिथे काही दिसत नाही तिथे बास अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्याची थरथर ऐकून शिकार करतो. दोरीचा रंग त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोचला तर चार पेडांच्या खरबरीत दोरीचा आवाज पोचेल.

उलट टोकाला ऑस्टिनजवळचा लेक ट्रॅव्हिस घ्या. चुनखडीच्या टेकड्यांमधलं नितळ पाणी, वारा पडलेला, आणि तुम्ही चार इंची मऊ किडा तळाजवळ जागच्या जागी थरथरवत ठेवला आहे. बास येतो, हातभर अंतरावर थांबतो, बघत राहतो. लेक फोर्कसारख्या ठिकाणी तर 16 ते 24 इंचांमधला बास घरी नेताच येत नाही, पाण्यात परत सोडावा लागतो. म्हणजे समोरचा मासा याआधी दोन-चारदा गळाला लागून सुटलेला असू शकतो. असा मासा वळून जातो तेव्हा कारण दोरी असेल का? असू शकतं. मला वाटतं, असतंही. पण त्यावरचा इलाज दुसऱ्या रंगाची ब्रेडेड हा नाही. इलाज म्हणजे टोकाला दोन-तीन मीटर फ्लोरोकार्बनचा लीडर. एकदा लीडर जोडला की मागची ब्रेडेड आमिषापासून इतकी लांब जाते की तिच्या रंगाचा वाद तिथेच मिटतो. वाद मिटवायला एक गाठ पुरते. ती थंडीत ओल्या बोटांनी नीट मारता येते का, हा वेगळा वाद. माझ्या सुटलेल्या माशांपैकी रंगामुळे किती गेले ठाऊक नाही, गाठ सरकून गेलेले मात्र मोजून सांगतो. सात.

आणि इथे तो खोकी लावणारा पोरगा खरा ठरायला लागतो.

आमिष वरून खाली बुडत असताना बास ते तोंडात घेतो, तेव्हा हाताला बऱ्याचदा काहीच लागत नाही. दोरी ढिली असते. पतंगाला ढील दिली की मांजाचं पोट सुटतं तसं पाण्यावर तिचं पोट सुटलेलं असतं. अशा वेळी मासा कळतो तो डोळ्यांनी. ढिली रेघ एकदम वीतभर उडी मारते. किंवा खाली जात असलेली दोरी तळ लागायच्या आधीच थांबते. किंवा, हे सर्वांत गोड, ती हळूच बाजूला चालायला लागते. दोन सेकंदांत गळ बसवला नाही तर बास आमिष थुंकून मोकळा. पहाटेच्या अर्धवट उजेडात, झाडांच्या काळ्या सावलीसमोर, शेवाळी हिरव्या दोरीची ही चाल माझ्या पन्नाशीतल्या डोळ्यांना दिसत नव्हती. पिवळी लावली आणि जणू कुणी पाण्यावर खडूने रेघ मारून ठेवली. पहिल्याच सकाळी असे तीन मासे मिळाले जे हाताला जाणवलेच नव्हते. आधीच्या वर्षांत असे किती आले आणि गेले असतील, याचा विचार न केलेला बरा.

पिवळी सगळीकडे चालते असंही नाही. ऊन समोरून येऊन पाणी चांदीसारखं चकाकत असलं की पिवळी त्यात बुडून जाते आणि तिथे गडद रेघ उठून दिसते. बोटीत दोघं असतील तर दोन वेगळे रंग असलेले बरे. एकमेकांच्या दोऱ्या ओलांडल्या तर निदान कुणाची कुठली ते कळतं. खोल समुद्रात सरळ खाली जिग, म्हणजे धातूचं जड आमिष, सोडणाऱ्यांसाठी जपानी कंपन्या दर 10 मीटरला रंग बदलणारी लाइन करतात, म्हणजे किती मीटर गेली ते रंग मोजून कळावं. तिथे रंगाचा माशाशी काही संबंध आहे असा दावा कुणीही करत नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

मग अनुभवी लोक इतक्या ठामपणे 'हिरवीला जास्त लागतात' कसं म्हणतात? खोटं बोलत नसतात. आपली मोजदाद छोटी असते. समजा दोन काठ्या, एकीवर हिरवी दोरी, दुसरीवर पिवळी, बाकी सगळं सारखं. हंगामात 100 मासे लागले; हिरवीला 55, पिवळीला 45. पट्टीचा मासेमार यावर शपथ घेईल. पण नाणं 100 वेळा उडवलं तरी 55-45 अगदी सहज पडतं. हाच फरक टिकून राहिला आणि निदान 400 मासे झाले, तरच तो योगायोग नाही असं जेमतेम म्हणता येईल. त्या 400 माशांत तोच माणूस, तेच आमिष, तीच गाठ हवी, आणि बोटीच्या पुढच्या टोकाला, जिथून अस्पर्श पाण्यात पहिली फेक मिळते तिथे, दोन्ही काठ्या सारखाच वेळ हव्यात. असं कोण करतं? मासेही सगळे एकसारखे नसतात. इलिनॉयमधल्या रिज लेकवर 1970 च्या दशकापासून चाललेल्या प्रयोगात असं दिसलं, की गळाला लवकर लागणं हा बासमध्ये काही प्रमाणात आनुवंशिक गुण आहे. सहज फसणाऱ्यांची पिल्लं सहज फसणारी, सावधांची सावध. तुमच्या हिरव्या काठीखाली कुणाचं घराणं आलं, यावर तुमचा निष्कर्ष ठरू शकतो.

या सगळ्यात विक्रेत्यांनी कधी फारसं न बोललेली एक गोष्ट आहे. ब्रेडेडचा रंग टिकत नाही. पॉलिथिलिन इतकं निर्विकार द्रव्य आहे की रंग त्यात मुरत नाही, वर लेप म्हणून बसतो. उन्हाने, पाण्याने, काठीच्या कड्यांवर घासून तो उतरतो. दुकानातली शेवाळी हिरवी दोन-तीन महिन्यांत दुधाळ पोपटी होते, लाल फिकट गुलाबी. म्हणजे ज्या रंगावर भक्ती जडली, तो हंगामाच्या मध्यावर रिळावर नसतोच. भक्ती मात्र राहते. काटकसरी लोक रिळावरची दोरी उलटी गुंडाळून घेतात, आतली कोरी बाजू वर येते. बाकीचे कायम शाईचं काळं किंवा हिरवं मार्कर घेऊन शेवटचा हात-दोन हात रंगवतात. 1496 च्या घोड्याच्या केसांपासून आपण फार पुढे आलो आहोत असं म्हणवत नाही.

गावी गेलो की कुणीतरी विचारतंच, आपल्याकडे काय चालतं? लार्जमाउथ बास आपल्याकडे नाही. जिताड्याला इंग्रजीत आशियाई सी बास म्हणतात, पण ते नावापुरतं. दोघांचं नातं लागत नाही. तरी कोकणात आणि गोव्यात तांबोशी, जिताडा गरवायला जाणाऱ्या पोरांच्या रिळांवर आता तंगूस जाऊन ब्रेडेड आली आहे, आणि रंगाची चर्चाही तिच्याबरोबर आली आहे. भरती-ओहोटीने ढवळलेल्या खाडीच्या पाण्यात तो प्रश्न मला तरी दुय्यम वाटतो. तिथे खरा वैरी म्हणजे खडकांवरची कालवं. ताणलेली ब्रेडेड कालवाच्या धारेला नुसती टेकली तरी कापली जाते, मग ती कुठल्याही रंगाची असो. लीडर तिथेही हवा, पण लपण्यासाठी नव्हे, जाड कातडीसाठी.

सध्या माझ्याकडे दोन रिळं आहेत. गवतातल्या कामासाठी 65 पौंडांची, जी तीन वर्षांपूर्वी हिरवी होती. उघड्या पाण्यासाठी 15 पौंडांची पिवळी, पुढे लीडर. गेल्या महिन्यात लीडर संपला होता आणि दुकान बंद होतं, तेव्हा पिवळीचा शेवटचा वाव मुलीच्या दप्तरातल्या हिरव्या मार्करने रंगवला. मासे लागले. घरी येईपर्यंत शाई दोरीवर फारशी उरली नव्हती. सगळी माझ्या आंगठ्यावर आणि गाडीच्या स्टिअरिंगवर होती.